प्रश्नावली ठेवा बाजूला, शेजारी बसा

विचारा ग्रंथपालांना

या महिन्याच्या टपालात एक गंमत झाली. गावं वेगळी, वयं वेगळी, पण बहुतेकांनी एकाच गोष्टीवर बोट ठेवलंय. माणसं मोबाइलवर आणि इंटरनेटवर माहिती नेमकी शोधतात कशी, आणि ते आपल्याला कळायचं कसं? सोलापूरच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून नोकरीची सगळी वर्षं काढल्यामुळे माझा कल कुठे आहे ते उत्तरांत दिसेलच. पहिलं उत्तर लांबलंय. संपादकांनी कात्री लावली नाही तर त्यांचे आभार.

प्रश्न : मॅडम, मी तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि ग्रंथालय व माहितीशास्त्रात पीएच.डी. करते आहे. विषय आहे 'मराठवाड्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील ई-साधनांविषयीची जाणीव व वापर'. नमुना ३८४ ठरला. गुगल फॉर्म केला, प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून लिंक फिरवली. बहुतेकांनी 'एन-लिस्ट नेहमी वापरतो' (एन-लिस्ट म्हणजे कॉलेजांना ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकं ऑनलाइन पुरवणारी योजना) आणि 'अत्यंत समाधानी' यावर टिक केलंय. पण माझ्याच कॉलेजचा एन-लिस्टचा अहवाल उघडून बघितला तर लॉगइन नावालाच. गाईड म्हणतात, आलंय ते टेबलात टाका, ची-स्क्वेअर ही संख्याशास्त्रीय चाचणी लावा आणि पुढे चला. मन मानत नाही. काय करू?
— एक ग्रंथपाल, उदगीर

उत्तर : मन मानत नाही हे उत्तम लक्षण आहे. ते मानायला लागलं की प्रबंध लवकर होतो, पण कपाटात जाऊन बसतो.

आधी त्या ३८४ चं बघू. आपल्या विषयातल्या सिनॉप्सिसमध्ये हा आकडा आरतीसारखा पाठ असतो. तो आला क्रेजी आणि मॉर्गन यांच्या १९७० सालच्या एका तक्त्यातून. एकूण संख्या दहा लाखांच्या घरात असली तर ३८४ जणांचा नमुना पुरतो, असं तो तक्ता सांगतो. पण त्याला एक अट आहे, आणि ती कुणी वाचत नाही. नमुना यादृच्छिक हवा. म्हणजे यादीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी हवी. ग्रुपवर लिंक टाकायची आणि जे भरतील ते आपले, याला यादृच्छिक म्हणत नाहीत. ज्याचा नेटपॅक संपलेला नाही, ज्याला सरांचा मेसेज आला की धडकी भरते आणि ज्याला फॉर्म भरायची हौस आहे, अशांचा तो नमुना. त्यांची संख्या ३८४ असो की ३,८४०, तक्त्याचा आधार तिथे लागू पडत नाही.

आता 'नेहमी'वरच्या त्या टिकांकडे या. मुलं खोटं बोलली असं मी म्हणणार नाही. लिंक सरांकडून आलेली, प्रश्न ग्रंथालयाचे, वर ई-मेल आयडी भरायला सांगितलेला. अंतर्गत गुणांचा विचार कुणाच्याही मनात येणारच. शिवाय 'एन-लिस्ट' म्हणजे काय हे किती जणांना माहीत आहे? लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर गुगल उघडलं की तेच एन-लिस्ट, असं ठामपणे सांगणारी मुलं मला भेटली आहेत. आणि फॉर्म इंग्रजीत होता का? तुम्ही लिहिलं नाहीत, पण बहुधा असणार. मग 'रिमोट ॲक्सेस', 'ओपन ॲक्सेस' यांच्यापुढे मुलांनी केलेली टिक ही अंदाजपंचे टिक आहे.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. माणसं स्वतःच्या डिजिटल वापराबद्दल जे सांगतात आणि फोनमध्ये किंवा सर्व्हरवर जे नोंदलं जातं, त्यांचा मेळ घालणारे बरेच अभ्यास एकत्र करून २०२१ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेवियर' या नियतकालिकात एक आढावा आला. डग्लस पॅरी आणि सहकाऱ्यांचा. दोन्हींतला परस्परसंबंध निघाला ०.३८. तंतोतंत जुळलं असतं तर तो १ आला असता. आपण फोन किती वेळ वापरतो एवढं साधं माणसाला धड सांगता येत नाही, आणि आपण त्याला विचारतो की 'ई-साधनांमुळे तुमच्या शैक्षणिक गुणवत्तेत कितपत वाढ झाली'.

मग करायचं काय? आपल्याच शास्त्रातले जुने लोक काय करून गेले ते बघा. माहितीचा शोध आणि वापर या विषयावर शिकवताना ज्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही ते टी. डी. विल्सन. १९८१ चा त्यांचा लेख तुमच्या संदर्भसूचीत असेलच. पण त्या लेखाआधी त्यांनी आणि डेव्हिड स्ट्रीटफिल्ड यांनी इंग्लंडमधल्या स्थानिक प्रशासनाच्या समाजसेवा विभागांत काय केलं, ते आपले विद्यार्थी वाचत नाहीत. २२ कर्मचारी निवडले आणि प्रत्येकाच्या मागे एकेक आठवडा वही घेऊन फिरले. कोण कुणाशी बोलला, कुठला कागद हातात घेतला, फोन कुणाला लावला, सगळं टिपलं. माहितीची देवाणघेवाण बहुतेक बोलण्यातून होते आणि ग्रंथालयाचा नंबर त्यात फार खाली लागतो, हे त्यातून दिसलं. ग्रंथपालांना ते फारसं रुचलं नसणार. पण 'तुम्ही ग्रंथालयाचा वापर किती वेळा करता' असा फॉर्म वाटला असता तर हे कधीच कळलं नसतं.

तुम्हाला कुणाच्या मागे आठवडाभर फिरायची गरज नाही. दोन गोष्टी करा.

पहिली, प्रश्न बदला. 'तुम्ही नेहमी काय करता' हे विचारू नका, 'मागच्या वेळी काय केलंत' ते विचारा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या अभ्यासातून ही पद्धत घडवली आणि १९५४ मध्ये सविस्तर मांडली. 'क्रिटिकल इन्सिडेंट' म्हणून ती आपल्या पाठ्यपुस्तकांत असते, परीक्षेपुरती. शेवटची असाइनमेंट कोणती होती? माहिती कुठे शोधायला सुरुवात केली? नाही मिळाली तेव्हा काय केलं? कुणाला विचारलं? ठरावीक प्रसंग समोर असला की माणूस बढाई कमी मारतो आणि त्याला आठवतंही जास्त.

दुसरी, शेजारी बसा. पंधरा-वीस विद्यार्थी पुरेत. वेगवेगळ्या शाखांचे घ्या, मुली-मुलगे दोन्ही घ्या, शहरातले आणि खेड्यातून एसटीने येणारे दोन्ही घ्या. त्यांना त्यांचंच चालू असलेलं काम करायला सांगा, त्यांच्याच फोनवर, आणि करता करता मनात काय चाललंय ते मोठ्याने बोलायला सांगा. तुम्ही फक्त लिहायचं. मदत करायची नाही. ग्रंथपालाला हे फार जड जातं. हात शिवशिवतात, 'अगं, तिथे नाही, इथे क्लिक कर' असं ओठावर येतं. गिळून टाका.

काय दिसतं ते सांगते. निवृत्तीच्या आधी मी मुलांच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसायला लागले होते. बी.ए. तृतीय वर्षाची एक मुलगी उजनी धरणावर प्रकल्प करत होती. तिने गुगल उघडलंच नाही, यूट्यूब उघडलं. रोमन अक्षरांत मराठी टाइप केलं, 'उजनी धरण माहिती'. वरचाच व्हिडिओ लावला, वेग दीडपट केला. निवेदक काय बोलतोय याकडे तिचं लक्ष नव्हतं, पडद्यावर आकडे किंवा नकाशा आला की थांबवायची आणि स्क्रीनशॉट घ्यायची. मग ते स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर एका ग्रुपमध्ये टाकले. त्या ग्रुपमध्ये ती एकटीच. मैत्रिणीला घेऊन ग्रुप करायचा आणि मग मैत्रिणीला काढून टाकायचं, म्हणजे आपली वही तयार, हे तिने मला समजावून सांगितलं. कुठला स्क्रीनशॉट कुठल्या व्हिडिओचा, हे तासाभराने तिला सांगता येईना. मधेच आईचा निरोप आला. फोन आईचा होता, आई विड्या वळते, कारखान्यावर विड्या द्यायला जाताना फोन सोबत लागतो. मुलगी उठली आणि गेली. शोध तिथेच थांबला.

या मुलीला तुमचा फॉर्म दिला असता तर? 'ई-जर्नल्स वापरता का' याला कदाचित 'कधी कधी'. 'अडचणी कोणत्या' याला 'वेळेचा अभाव', कारण यादीत तोच पर्याय जवळचा वाटतो. 'आईचा फोन' हा पर्याय आपल्या प्रश्नावलीत कधी असतो का? आणि तिने केलेलं बरंचसं काम, व्हिडिओ, स्क्रीनशॉट, एकटीचा ग्रुप, हे आपल्या व्याख्येत 'ई-साधन' म्हणून बसतच नाही. ती शोधत होती, साठवत होती, आपल्या परीने वर्गीकरणही करत होती. फक्त आपण पैसे भरलेल्या डेटाबेसच्या बाहेर.

तुम्ही एकट्या आहात असं वाटू नये म्हणून सांगते, आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर हे झालेलं आहे. 'प्रथम' या शिक्षणातल्या संस्थेच्या 'असर' सर्वेक्षणाने २०२३ मध्ये ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींकडे जाऊन 'स्मार्टफोन वापरता येतो का' एवढं विचारून थांबायचं नाही असं ठरवलं. घरातला फोन आणायला सांगितला आणि समोर कामं करायला लावली. गजर लाव, नेटवर अमुक माहिती शोध, यूट्यूबवर व्हिडिओ शोधून पाठव, गुगल मॅपवर रस्ता बघ. २६ राज्यांतले २८ जिल्हे, ३४ हजारांवर मुलं. फोन आणू शकलेल्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी व्हिडिओ शोधून दाखवला. मॅपपाशी मात्र गाडी अडली, एक तृतीयांशाहून थोड्या जास्त मुलांनाच ते जमलं. आणि फोन वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के, मुली १९.८. माझ्या उजनीवाल्या मुलीची गोष्ट या आकड्यात आहे.

गाईडचं काय करायचं ते सांगते. आलेला फॉर्म फेकू नका. एका प्रकरणात तो मांडा, दुसऱ्यात एन-लिस्टचा वापर-अहवाल, तिसऱ्यात शेजारी बसून केलेली निरीक्षणं, आणि तिन्ही एकमेकांसमोर ठेवा. याला 'ट्रायअँग्युलेशन' म्हणतात. हा शब्द वापरा, गाईडना आवडतो. 'वापर' तुमच्या शीर्षकात आधीच आहे, त्यामुळे विद्यापीठाच्या संशोधन समितीकडे (आरआरसी) शीर्षक बदलायला जायचीही गरज पडू नये. वायव्हाला कुणी विचारलंच की नमुना इतका लहान कसा, तर विल्सन यांचे २२ सांगा.

प्रश्न : माझी नात अकरावीत आहे. मुलगा म्हणतो, ही मोबाइल हातात घेऊनच जन्मलेली पिढी, हिला तुम्ही काय शिकवणार? पण मी बघतो, गुगलवर जे पहिलं दिसेल ते ती उचलते. आता तर सगळ्यात वर एआयने लिहिलेला परिच्छेद येतो, तोच वहीत उतरतो. यावर कुणी अभ्यास केलाय का?
— निवृत्त मुख्याध्यापक, संगमनेर

उत्तर : सर, केलाय, आणि तुमची बाजू भक्कम आहे. निम्मी तरी.

'डिजिटल नेटिव्ह' ही कल्पना मार्क प्रेन्स्की या अमेरिकन लेखकाने २००१ मध्ये लोकप्रिय केली. लहानपणापासून यंत्रं हाताळणारी मुलं जात्याच त्यात तरबेज, असा तिचा सूर. ब्रिटिश लायब्ररी आणि जिस्क या संस्थांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या सायबर या गटाकडून २००८ मध्ये एक अहवाल करून घेतला, त्यात याची चांगलीच झाडाझडती झाली. डेव्हिड निकोलस, इयन रोलंड्स वगैरे मंडळींनी लोकांना विचारण्यापेक्षा सर्व्हरवरच्या नोंदी तपासल्या. ई-पुस्तकाच्या साइटवर माणूस सरासरी चार मिनिटं टिकत होता आणि ई-जर्नलच्या साइटवर आठ. वाचणं कमी, चाळणं जास्त, आणि 'नंतर बघू' म्हणून उतरवून ठेवणं भरपूर. मुलाला ऐकवायची गोष्ट अशी, की यंत्र चालवता येणं वेगळं आणि माहिती पारखता येणं वेगळं, हे त्यात स्पष्ट दिसलं. तुम्हाला ऐकवायची गोष्ट अशी, की चाळण्याची ही सवय पोरांपुरती नव्हती. प्राध्यापकही तेच करत होते. (ग्रंथपालही करतात. छापू नका.)

'पहिलं तेच खरं' याच्यावर एक झकास प्रयोग आहे. बिंग पॅन आणि कॉर्नेल विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००७ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या डोळ्यांची हालचाल टिपणारं यंत्र लावलं आणि गुगलच्या निकालांचा क्रम गुपचूप उलटा केला. दहावा वर, पहिला खाली. तरीही मुलं मोठ्या प्रमाणावर वरच्यालाच क्लिक करत राहिली, वरचं कामाचं नसलं तरी. गुगलने वर ठेवलंय म्हणजे काहीतरी कारण असणार, हा भरवसा. तुमच्या नातीच्या एआय-परिच्छेदाला हाच भरवसा आयता मिळतो, शिवाय खाली उतरायची गरजही उरत नाही.

पण माझा सगळ्यात आवडता अभ्यास स्टॅनफर्डचा, सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू यांचा, २०१७ चा. ४५ जण घेतले. स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी, इतिहासात पीएच.डी. झालेले १० आणि वृत्तसंस्थांमध्ये तथ्य तपासणारे १० व्यावसायिक. त्यांना दोन बालरोग संघटनांची पानं दाखवली. एक १९३० पासूनची, हजारो डॉक्टरांची. दुसरी २००२ मध्ये तिच्यातून फुटून निघालेला छोटा गट, नाव जवळपास तसंच, साइट तितकीच देखणी. निम्म्याहून जास्त विद्यार्थ्यांना फुटीर गटाचं पान जास्त विश्वासार्ह वाटलं. इतिहासकारांमध्येही बरेच जण घुटमळले. ते पान वरपासून खालपर्यंत नीट वाचत बसले. संदर्भ आहेत, भाषा संयत आहे, पत्त्यात '.ओआरजी' आहे. जन्मभर कागद पारखलेली माणसं आणि तिथे फसली! तथ्य तपासणारे मात्र पानावर थांबलेच नाहीत. लगेच दुसरी टॅब उघडली आणि या संस्थेबद्दल बाकीचे लोक काय म्हणतात ते शोधलं. काही मिनिटांत निकाल लावला.

तेव्हा नातीला 'नीट वाच गं' एवढंच सांगू नका, त्याने इतिहासकार तरले नाहीत. तिच्या शेजारी बसा. तिने उतरवलेलं एक वाक्य घ्या, समजा 'अमुक संशोधन संस्थेच्या मते गुळाने साखर वाढत नाही', आणि ती संस्था कोण, हे दुसऱ्या टॅबमध्ये तिलाच शोधायला लावा. '.ओआरजी' कुणीही पैसे भरून घेऊ शकतो, हेही सांगा. आणि मग तुमच्या व्हॉट्सॲपवर आलेलं एखादं वाक्य तिला द्या तपासायला. पारडं समान राहील.

प्रश्न : गुगलमुळे स्मरणशक्ती कमी होते हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय ना? मुलांना दाखवायला पुरावा हवा आहे.
— एक आई, ठाणे

उत्तर : तुम्ही म्हणताय तो बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांचा २०११ चा 'सायन्स'मधला लेख. माहिती नंतर कॉम्प्युटरवर मिळणार आहे असं कळलं की माणसं ती कमी लक्षात ठेवतात, असा त्यातला एक निष्कर्ष. वर्तमानपत्रांनी त्याचं 'गुगलने मेंदू गंजतो' करून टाकलं. २०१८ मध्ये 'सायन्स' आणि 'नेचर'मधले २१ प्रयोग पुन्हा करून बघितले गेले, तेव्हा १३ जमले. या लेखातला जो प्रयोग निवडला होता तो जमला नाही. मुलांना दाखवायचा पुरावा हवाच असेल तर त्यांना ही हकीकत पूर्ण सांगा. तुम्ही हरलात तरी पोरं काहीतरी शिकतील.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाने ठरवलंय की व्हॉट्सॲपवरचे खोटे मेसेज ओळखायचं एक तासाचं शिबिर घ्यायचं. वक्ता मिळालाय, हॉल मिळालाय. उपयोग होतो का अशा शिबिरांचा?
— चिपळूण

उत्तर : ताई, एका तासाने फारसा नाही. हे मी अंदाजाने सांगत नाही. सुमित्रा बद्रीनाथन या अभ्यासकाने २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी बिहारमध्ये १,२२४ जणांवर प्रयोग केला. घरी जाऊन साधारण तासभर समोरासमोर शिकवलं, फोटोवरून इंटरनेटवर शोध घेऊन त्याचं मूळ कसं काढायचं तेही दाखवलं. नंतर पाहिलं तर एकंदरीत खोट्या बातम्या ओळखण्यात सुधारणा दिसली नाही. एका पक्षाच्या समर्थकांत तर, आपल्या बाजूच्या खोट्या गोष्टींच्या बाबतीत, परिणाम उलटाच झाला.

पण कपाळाला हात लावू नका. त्याच अभ्यासकाने पुढे सहकाऱ्यांबरोबर बिहारमध्येच दुसरा प्रयोग केला. या वेळी गावांतल्या सरकारी ग्रंथालयांमध्ये (ग्रंथालयांत, बरं का!), ५८३ गावं, तेरा हजारांवर किशोरवयीन मुलं आणि काही महिने सलग चालणारे तास. इथे फरक पडला, आणि संपल्यावर चार महिन्यांनी पाहिलं तरी टिकून होता. पालकांपर्यंतही थोडा झिरपला.

तेव्हा हॉल एकदा न घेता दर पंधरा दिवसांनी घ्या, वक्त्याचा खर्च वाचवा आणि प्रत्येकीला त्या आठवड्यात आलेला एक मेसेज घेऊन यायला सांगा. तो कुठून आला हे सगळ्यांनी मिळून फोनवर शोधायचं. शाळकरी मुलींनाही बोलवा, त्या आयांपेक्षा लवकर शिकतात आणि घरी जाऊन शिकवतातही. आणि हो, पहिल्या दिवशी राजकारणाचे मेसेज नकोत. औषधांपासून सुरुवात करा, भांडणं उशिरा लागतील.

प्रश्न : गावात कॉलेजची दोन मुलं सर्व्हेला आली. लोक इंटरनेटवर काय शोधतात त्याचा अभ्यास आहे म्हणाली. माझा फोन मागून घेतला आणि काय काय शोधलं त्या यादीचे फोटो काढून नेले. नाव लिहिणार नाही म्हणाली. नंतर मनात आलं, हे बरोबर का?
— शेतकरी, वाशिम जिल्हा

उत्तर : नाही दादा, बरोबर नाही. मी वर शेजारी बसायला सांगतेय ते यासाठी नाही. समोरच्याने स्वतःहून जे दाखवलं तेवढं बघणं वेगळं आणि फोन हातात घेऊन यादी उचलून नेणं वेगळं.

'नाव लिहिणार नाही' यावर तर मुळीच विसंबू नका. २००६ च्या ऑगस्टमध्ये एओएल या अमेरिकन कंपनीने संशोधकांच्या सोयीसाठी म्हणून साडेसहा लाखांच्या आसपास लोकांचे तीन महिन्यांतले शोध खुले केले. दोन कोटींच्या घरातले शोध, आणि नावांच्या जागी नुसते नंबर. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बातमीदारांनी काही दिवसांतच ४४१७७४९ या नंबरमागची बाई शोधून काढली. आपल्या गावातली बागकामाची माणसं, आपल्या आडनावाचे लोक, आपल्या कुत्र्याची कुरबूर, असं तिने काय काय शोधलं होतं. तिच्या त्या साध्या शोधांवरूनच माग लागला. आपणही सोयाबीनचा भाव शोधतो तो आपल्याच बाजार समितीचा, डॉक्टर शोधतो तो आपल्याच तालुक्याचा.

त्या मुलांच्या कॉलेजात जा, मार्गदर्शक कोण ते विचारा आणि काढलेले फोटो तुमच्यासमोर पुसून टाकायला सांगा. कशासाठी नेलं, कुठे ठेवणार, कधी नष्ट करणार, हे लेखी विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. घरातल्या अठरा वर्षांखालच्या कुणाचा फोन पाहिला असेल तर ते आणखी गंभीर आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मुलांच्या बाबतीत पालकांच्या संमतीची वेगळी तरतूद आहे. सर्व्हेला आलेल्या मुलांवर रागावू नका मात्र. त्यांना हे कुणी शिकवलेलंच नसणार, राग त्यांच्या मार्गदर्शकासाठी राखून ठेवा.

प्रश्न : कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात ई-साधनांचा वापर दाखवायचा आहे. डाउनलोडचे आकडे वाढवण्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याने रोज एक लेख उतरवावा, असं परिपत्रक काढावं का?
— एक प्राचार्य (नाव-गाव छापू नये)

उत्तर : सर, काढू नका. ई-साधनांचा वापर मोजायचं 'काउंटर' नावाचं जे आंतरराष्ट्रीय मानक प्रकाशक पाळतात, त्यात एकाच दुव्यावर तीस सेकंदांत पुन्हा क्लिक केलं तर ते एकदाच मोजतात, म्हणजे धडाधड क्लिक करून फार काही हाती लागणार नाही. आणि परिपत्रकाच्या महिन्यात आलेख एकदम उभा आणि पुढच्या महिन्यात आडवा झाला, की समितीतला ग्रंथालयाचा सदस्य पहिलं बोट तिथेच ठेवतो. मी त्या खुर्चीत बसले असते तर मीही ठेवलं असतं. त्यापेक्षा तुमच्या ग्रंथपालांना आठवड्यातले दोन तास पुस्तक देवघेवीच्या टेबलावरून मोकळं करा, आणि कुठल्या मुलाला कुठला लेख हवा होता व तो का मिळाला नाही याची एक वही ठेवू द्या. लॉगइनचा पासवर्ड विद्यार्थ्यांना दिलाय ना, एवढं मात्र आजच विचारून घ्या.